गाण्यातला तुरुंग आणि आपल्या केसेस
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पाड्यांवरची पोरं आता मोबाईलवर रॅप ऐकतात. म्हातारी माणसं विचारतात, ही कसली बडबड, ना तारपा ना ढोल! विचारणं रास्त आहे. म्हणून आज आम्ही त्या गाण्यांवरच बोलणार आहोत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपल्या गाण्यांच्या व्हिडिओत पोलीस, कोर्ट आणि तुरुंग कसा दाखवला, ते बघू. विषय वनदाव्यांपासून लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका.

आधी थोडा इतिहास. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांना अमेरिकेत गुलाम म्हणून राबवलं. १८६५ साली त्यांच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामी बंद झाली. आपल्या जोतिराव फुल्यांनी १८७३ सालचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. पण त्या दुरुस्तीत एक फट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीने राबवून घ्यायला मोकळीक होती. दक्षिणेतल्या राज्यांनी ती फट लगेच हेरली. कामधंद्याशिवाय फिरणं हाच गुन्हा ठरवला. काल सुटलेला गुलाम आज कैदी झाला, आणि कैदी भाड्याने शेतमळ्यांवर, खाणीत, रेल्वेच्या कामावर जाऊ लागले.

आता हे साल ध्यानात ठेवा. त्याच १८६५ साली इंग्रजांनी आपल्या देशात पहिला वन कायदा केला. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरल्या. तिथे फिरणं गुन्हा झालं. इथे फाटी आणणं, गुरं चारणं, दळी कसणं गुन्हा झालं. माणूस तोच होता, काम तेच होतं, फक्त कायदा बदलला.

अमेरिकेत १९७० नंतर ही गोष्ट पुन्हा वाढली. सरकारने नशेच्या पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारलं. १९८६ च्या कायद्यात कोकेनच्या दोन प्रकारांना दोन मापं लावली. काळ्या वस्त्यांत मिळणारं क्रॅक ५ ग्रॅम सापडलं की किमान ५ वर्षं तुरुंग. गोऱ्या पैसेवाल्यांत चालणारी पावडर मात्र ५०० ग्रॅम सापडली तर तेवढीच शिक्षा. असं करत करत तिथल्या तुरुंगांत आणि कोठड्यांत मिळून २० लाखांच्या वर माणसं गेली. लोकसंख्येत काळे लोक शंभरातले तेरा-चौदा, पण तुरुंगात दर तिघांतला जवळपास एक.

हिप-हॉप ह्याच काळात वाढलं. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीत, घरगुती नाचगाण्यातून ते सुरू झालं. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुन्या रेकॉर्डी फिरवून ताल धरला. १९८२ साली ‘द मेसेज’ हे गाणं आलं. गाणाऱ्यांचं नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. व्हिडिओ साधाच, वस्तीतल्या रस्त्यावर काढलेला. शेवटी काही पोरं नाक्यावर गप्पा मारत उभी आहेत. पोलीसगाडी येते आणि त्यांना घालून नेते. कशापायी नेलं, ते कोणी सांगत नाही. आपल्याला ते सांगावं लागतच नाही, आपण असं बघितलेलं आहे.

२०१५ साली केंड्रिक लामारच्या ‘ऑलराइट’चा व्हिडिओ आला. त्यात काळी पोरं गाडीत बसलेली आहेत आणि चार गोरे पोलीस ती गाडी पालखीसारखी खांद्यावर वाहतायत. रोजचं जग उलटं करून दाखवलंय. मग तो शहरावरून उडत जातो, दिव्याच्या खांबावर उभा राहतो. खालून एक पोलीस नुसतं बोट रोखतो, बंदुकीसारखं, आणि तो कोसळतो. शेवटी जमिनीवर पडलेला तो डोळे उघडून हसतो. त्या वर्षी पोलिसांच्या अत्याचाराविरुद्धच्या मोर्चांत लोक हेच गाणं एकसुरात म्हणू लागले. गाणं मोबाईलमधून निघून मोर्चात गेलं. आपलं गाणंही तिथेच पोचलं पाहिजे.

२०१६ साली कॉमन ह्या गायकाने ‘लेटर टू द फ्री’ केलं. ते गाणं ‘थर्टीन्थ’ ह्या माहितीपटातलं आहे, आणि तो माहितीपट त्या तेराव्या दुरुस्तीवरच आहे. व्हिडिओ रिकाम्या पडलेल्या तुरुंगात काढलाय. ना मारामारी, ना पळापळ. कॅमेरा सावकाश कोठड्यांमधून जातो आणि वाजवणारे, गाणारे एकेका कोठडीत दिसतात. रिकामा तुरुंग बघताना इथे कोणकोण होतं, हाच विचार मनात येतो.

२०१८ चं ‘धिस इज अमेरिका’ तुमच्यातल्या काहींनी बघितलं असेल. चाइल्डिश गॅम्बिनो नाचतो, शाळेची पोरं त्याच्याबरोबर नाचतात. मधेच तो माणसाला गोळी घालतो. बंदूक कापडात जपून घेतली जाते आणि मेलेल्याला ओढत नेतात. मागे धावपळ आहे, जाळपोळ आहे. पण आपली नजर नाचावरच राहते. पहिल्यांदा बघताना मागचं काही दिसतच नाही. साथींनो, ९ ऑगस्टला स्टेजवर आपला तारपा नाचवतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. आपले दावे कुठल्या कपाटात पडलेत, ते त्या दिवशी कोण विचारतं?

आता व्हिडिओ सोडून खरी केस सांगतो. न्यूयॉर्कचा कलीफ ब्राउडर. २०१० साली वय १६. दप्तर चोरल्याचा आरोप. ३,००० डॉलरचा जामीन ठरला, घरच्यांकडे पैसे नव्हते. खटला न चालताच तो जवळपास तीन वर्षं रायकर्स आयलंडच्या तुरुंगात राहिला, त्यातला बराच काळ एकट्याच्या कोठडीत. २०१३ साली आरोप मागे घेतले. २०१५ साली त्याने जीव दिला. पुढे जे-झी ह्या रॅप गायकाने त्याच्यावर माहितीपटांची मालिका काढायला मदत केली.

साथींनो, आपल्या देशात तुरुंगातल्या दर चारांतले तीन कच्चे कैदी आहेत. गुन्हा शाबीत झालेला नाही तरी आत. त्यांच्यात आदिवासी आपल्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहेत. कारण आपल्याला पाठ आहे. कोर्ट जामीन देतं, पण जामीनदाराचा सातबारा मागतात. आपण पिढ्यान् पिढ्या जमीन कसतो, पण सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणजे जमिनीचा हक्क नाकारला म्हणून केस होते, आणि तोच हक्क नाकारला म्हणून सुटकाही अडते. जमिनीची लढाई आणि तुरुंगाची लढाई एकच आहे ती अशी.

ह्या गाण्यांत सगळंच सोनं नाही, हेही बोललं पाहिजे. कित्येक व्हिडिओंत बंदूक, दारू आणि पैसा मिरवतात, बायांना हिणवतात. कंपन्यांना तेच विकायला सोपं जातं. आपल्या पोरांनी ते उचलू नये. बाया आपल्या लढ्यात पुढे असतात, त्यांना हिणवणारं गाणं आपलं नाही. दुसरी गोष्ट, अमेरिकेत सरकारी वकिलांनी रॅपचे शब्द कोर्टात पुरावा म्हणून वापरले. गाण्यात म्हटलं म्हणजे केलंच असणार, असं. २०२२ साली कॅलिफोर्नियाने त्यावर बंधन घालणारा कायदा केला. म्हणून मोबाईलवर काही टाकताना डोकं ठिकाणावर ठेवा. केस चालू असलेल्या माणसाचं नाव, चेहरा, ठिकाण त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.

मग आपण काय करायचं? पहिलं, प्रत्येक पाड्याने केसेसची वही करायची. नाव, कलम, तारीख, कोर्ट, वकील. दुसरं, अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. तिसरं, नव्या फौजदारी कायद्याचं कलम ४७९ समजून घ्या. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर, नाहीतर निम्मा काळ काढल्यावर, कच्च्या कैद्याला सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी ती मिळत नाही, आणि आपल्या लोकांवर एकामागून एक केसेस टाकल्या जातात, हे विसरू नका.

चौथं काम पोरांचं. रॅप करा, तारप्यावर करा, आपल्या बोलीत करा. पण त्यात आपल्या वहीतलं खरं घाला. कोणाला कधी नेलं, किती तारखा झाल्या, घरी कोणी पेरणी केली, ते गाण्यात येऊ द्या. आणि ते गाणं मोर्चात म्हणता आलं पाहिजे, म्हाताऱ्या माणसांनाही.

जोहार! जिंदाबाद!