आधी आपलं किती चुकतंय ते शोधा

दिघीतून बोलतोय. मागे आळंदी रोडचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

घरात कुणाला शुगर असेल तर एचबीए१सी टेस्ट माहीत असेलच. रक्तातली साखर हिमोग्लोबिन या प्रोटीनला चिकटते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यात दिसतो. बाबांचा रिपोर्ट वाचताना मी या विषयात शिरलो. पुण्यातच, पाषाणच्या एनसीएलमध्ये, साखर चिकटलेल्या प्रोटीन्सवर बरंच संशोधन झालंय.

हे चालतं कसं? ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम टाकून प्रोटीनचे तुकडे करतात. मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांची वजनं मोजतो. तुकडा कुठल्या प्रोटीनचा, हे सॉफ्टवेअर यादीशी ताडून सांगतं. ग्लुकोज चिकटलं की तुकड्याचं वजन १६२ डाल्टनने वाढतं. हे सॉफ्टवेअरला आधी सांगितलं नाही, तर तो तुकडा बहुतेक वेळा हुकतोच.

मोफत मिळणारा डेटा घेऊन मी सुट्टीत अशी एक स्क्रिप्ट लिहिली. ढीगभर प्रोटीन्स सापडली. मी खूश! या विषयात पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीने एकच विचारलं, "डिकॉय टाकलेस का रे?"

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. यादीतली प्रत्येक माळ उलटी लिहायची आणि त्याच यादीत मिसळायची. हे डिकॉय. अशी प्रोटीन्स खरी नसतातच. त्यामुळे जितके डिकॉय जुळतात, साधारण तितकेच खऱ्या नावांतलेही चुकून जुळलेले असतात. हे प्रमाण सहसा १ टक्क्याच्या आत ठेवतात. मी डिकॉय टाकून पाहिले आणि माझ्या 'शोधां'पैकी बरेचसे डिलीट करावे लागले.

इथून जवळच आळंदीला इंद्रायणीवर फेस आल्याच्या बातम्या आपण दरवर्षी बघतो. पाण्यातले जिवाणू काय करताहेत, हे त्यांच्या प्रोटीन्सवरून कळू शकतं. त्याला मेटाप्रोटिओमिक्स म्हणतात. पण तिथेही तेच! ते जिवाणू यादीतच नसतील, तर सॉफ्टवेअर गप्प बसतं किंवा भलतंच नाव पुढे करतं.

अशा टूलच्या भरवशावर उद्या कुणाच्या तरी बाबांचं औषध ठरेल, नाहीतर नदी कुणी घाण केली ते. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये आता निकालाच्या आधी पहिल्या ओळीत एकच आकडा येतो: यातलं अंदाजे किती टक्के चूक आहे.

तुमच्या घरातला रिपोर्ट आज जरा नीट वाचा. भेटू पुढच्या भागात!