हाडाला जागा देणारा धातू
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी काहींचे गुडघे बदलून झाले आहेत, काहींना डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितला आहे. त्यामुळे माझ्या कामाचा विषय, म्हणजे हाडात बसवायचे धातू, आज कुणाला परका वाटू नये.

हाड जिवंत असते. भार पडला की ते भरते, भार हटला की विरळ होते. जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी हे १८९२ मध्ये मांडले. अडचण इथेच आहे. मांडीच्या हाडाच्या कठीण भागाचा ताठरपणा १५ ते २० गिगापास्कल. नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा ११०, तर स्टेनलेस स्टीलचा २०० च्या आसपास. घरात एकटाच सगळे ओझे उचलू लागला की बाकीचे बसून राहतात, तसे ताठ धातूशेजारचे हाड झिजते. सांधा सैल होऊन पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

उपाय म्हणजे धातूला छिद्रे ठेवणे. ७५ ते ८० टक्के पोकळ टँटलमचा ताठरपणा सुमारे ३ गिगापास्कलवर येतो. टायटॅनियमची भुकटी लेसरने किंवा इलेक्ट्रॉन झोताने थरावर थर वितळवूनही अशी जाळी घडवतात. छिद्रे साधारण ३०० ते ६०० मायक्रॉनची आणि एकमेकांना जोडलेली हवीत. त्यांतून रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग हाड वाढते आणि धातूला धरून ठेवते.

पण छिद्रे वाढली की ताकद घटते. चालत्या-फिरत्या माणसाचा एकेक पाय वर्षाला दहा लाखांच्या घरात वेळा जमिनीवर टेकतो. इतके हेलकावे सोसायचे तर नुसती जाळी पुरत नाही. म्हणून बहुतेकदा गाभा भरीव आणि हाडाला टेकणारा पृष्ठभाग सच्छिद्र ठेवतात.

हे सारे सांगण्याचे कारण एकच. 'महागातले तेच बसवा' असा हट्ट धरू नका, आणि त्यासाठी कर्जही काढू नका. सच्छिद्र धातूला हाडाची साथ लागते. हाड फार ठिसूळ असेल तर सिमेंटने बसवलेला सांधाच अनेकदा योग्य ठरतो. डॉक्टरांना एवढेच विचारा: "माझ्या हाडाला सिमेंटचा की बिनसिमेंटचा, आणि का?" बसवलेल्या सांध्याची माहिती असलेले कार्ड जपून ठेवा. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की चाला. भार मिळाल्याशिवाय हाड टिकत नाही.

पुढच्या मेळाव्याला सगळे आपापल्या पायांनी या.