केळीचं पान, बटाट्याची साल आणि आपली त्वचा

आजचा विषय अक्षरशः चटका लावणारा आहे.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. अकोल्याला मावशीकडे चकल्या तळणं सुरू होतं. कढई कलंडली आणि मावसबहिणीच्या हातावर गरम तेल सांडलं. मी बीटेक झालेला माणूस, पण त्या क्षणी डोकं पूर्ण हँग. शेजारच्या काकू ओरडल्या, "टूथपेस्ट लावा न तिले!" मीच धावत जाऊन आणली. दवाखान्यात नर्सला आधी ती पेस्टच धुऊन काढावी लागली. नंतर दर ड्रेसिंगला जखमेला चिकटलेलं गॉज सोडवताना ती जशी किंचाळायची, ते मला अजून ऐकू येतं.

तेव्हा डोक्यात आलं, न चिकटणारी पट्टी कोणी शोधली नसेल का? शोधलीये, आणि आपल्या मुंबईतच!

आधी थोडं विज्ञान. जखम कोरडी पडली की लवकर भरते, असं आपल्याला वाटतं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांवरच्या प्रयोगात उलटं दाखवलं. ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं येते. पण अशा ड्रेसिंग महाग. मग मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली. साल ओलावा धरून ठेवते आणि चिकटत नाही.

पुढे सायन हॉस्पिटलच्या सर्जन डॉ. माधुरी गोरे आणि त्यांचे सहकारी डॉ. अकोलेकर यांनी केळीचं पान घेतलं. मोठं, गुळगुळीत, मेणचट. त्यांनी बटाट्याची साल आणि केळीचं पान यांची तुलना केली. आमच्या भाषेत ए-बी टेस्टिंग! २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला: जखम सांभाळण्यात दोन्ही सारखेच, पण पानाची पट्टी ११ पट स्वस्त आणि बनवायला सोपी. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी "आजीचा उपाय" म्हणून सोडून दिलं नाही, मोजून पाहिलं.

आता एक इशारा. हे ऐकून अकोटच्या बागेतून पान तोडून जखमेवर बांधू नका! दवाखान्यात ते पान वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेलं असतं. घरी आपण फक्त एवढंच करायचं: भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचा, अंगठी-बांगड्या लगेच काढायच्या, स्वच्छ कापडानं सैल झाकायचं आणि दवाखाना गाठायचा. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. फोड फोडायचे नाहीत.

पण खूप जास्त भाजलं, तर पट्टी पुरत नाही, त्वचाच लागते. त्यासाठी सायनला २००० साली त्वचापेढी सुरू झाली, त्यामागेही डॉ. गोरेच. दान केलेली त्वचा कायमची राहत नाही. पण ती काही आठवडे जखम झाकते, पाणी आणि प्रथिनं वाहून जाणं थांबवते, जंतुसंसर्ग रोखते. तेवढ्या वेळात पेशंट सावरतो. यासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. मृत्यूनंतर साधारण ६ तासांत, मांड्या, पाय, पाठ इथून सायीसारखा पातळ थर काढतात. चेहऱ्याला हात लागत नाही, शरीर विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा काही वर्षं टिकते.

मागच्या वर्षी आमचे आजोबा गेले. नेत्रदान केलं. त्वचेचं मला माहीत होतं, पण नागपूरच्या त्वचापेढीचा नंबर माझ्याकडे नव्हता. रडारडीत शोधता शोधता वेळ निघून गेली. अकोला ते नागपूर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे प्रत्येक मिनिट मोजायचं होतं. माहिती असून उपयोग काय, फोनमध्ये नंबर नसेल तर?

म्हणून आज एकच काम करा. अमरावती असो की अकोला, जवळच्या त्वचापेढीचा नंबर शोधा, "आमच्या गावापर्यंत टीम येते का?" हे आत्ताच विचारा आणि घरच्यांना सांगून ठेवा. विषय अवघड आहे, मान्य. पण जेवताना एकदा काढून तर बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कढईपासून जरा दूर उभं राहा!