बोटीवरचे ‘फुकट’ आणि किनाऱ्यावरचे आठ तास

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हल्ली एक गोष्ट घडते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. आईवडील चारसहा महिन्यांसाठी तिकडे जातात. नातवंडे खेळवून होतात, नायगारा पाहून होतो, आणि मग एके दिवशी मुलगा म्हणतो, “आईबाबा, तुमच्यासाठी बोटीच्या सफरीची तिकिटे काढली आहेत. मायामीहून निघायचं, सात दिवस कॅरिबियन समुद्रात हिंडायचं आणि परत मायामीला यायचं.” तिकिटामागोमाग कंपनीची पत्रे येऊ लागतात. अमुक फुकट, तमुक फुकट, अमक्या रकमेची सवलत. वाचणाऱ्याला वाटावे, आता खिशात हात घालायला नकोच!

तसे नसते, हे सांगण्यासाठीच आजचे हे चार शब्द. बोटीवर जे फुकट म्हणून पुढे येते त्याचा हिशेब ठेवावा, आणि किनाऱ्यावर जे मोजके तास मिळतात ते जपून खर्च करावेत. या सफरीत खरी टंचाई असते ती वेळेची. खाणेपिणे, गाणीबजावणी, पोहण्याचे हौद यांची टंचाई मुळीच नसते.

पण त्याआधी कागदपत्रे. अमेरिकेत १८८६ साली झालेला एक कायदा अजून चालू आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजाने परक्या बंदराला न लागता केवळ अमेरिकन बंदरांमधून उतारूंची ने-आण करू नये, असा त्याचा मथितार्थ. आणि ही मोठी प्रवासी जहाजे तर बहुतेक बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली. म्हणून मायामीहून निघणारी बोट कोठल्या ना कोठल्या परदेशी बंदराला लागतेच. याचा अर्थ असा, की तुम्ही अमेरिकेबाहेर जाता आणि पुन्हा आत येता. तेव्हा तुमचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा, आणि परतीच्या दिवशी त्याची मुदत शिल्लक हवी. मुलगा नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याने आपला पासपोर्टही उघडून पाहावा. अमेरिकेत राहण्याची परवानगी ही एक गोष्ट आणि पुन्हा प्रवेश करण्याचा व्हिसा ही दुसरी. पासपोर्टातला व्हिसा संपला असेल, तर बहामा बेटांचा दोन दिवसांचा फेरफटकासुद्धा नोकरी आणि घरदार टांगणीला लावू शकतो. अशा वेळी तिकीट काढण्याआधी जाणत्या वकिलाला विचारावे. वाटेतल्या बेटांचे नियमही सारखे नाहीत. प्वेर्तो रिको अमेरिकेचे, मार्तिनिक फ्रान्सचे, कुरासाव नेदरलँड्सच्या राज्यातले, तर बार्बाडोस आणि जमैका स्वतंत्र देश. भारतीय पासपोर्टावर तेथे उतरता येईल की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

आता बोटीवर चला. तिकिटाच्या पैशांत काय येते? केबिन, मुख्य भोजनगृहातले जेवण, वाढून घेण्याच्या दालनातला फराळ, साधे पाणी, साधा चहा-कॉफी, आणि नाटक-गाण्याचे बहुतेक कार्यक्रम. एवढ्यावर सात दिवस उत्तम जातात. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. तिकीट काढतानाच तसे कळवावे, आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगावे. पुष्कळ बोटींवर आदल्या रात्री सांगितले तर दुसऱ्या दिवशी डाळ-भात, भाजी करून देतात.

पेयांची ठोक योजना हा पहिला मोह. रोजची ठरावीक रक्कम भरा आणि हवे ते प्या. पण बहुतेक कंपन्यांत मद्याची योजना एकाने घेतली, की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढ माणसालाही घ्यावी लागते, आणि वर सेवा-आकार लागतो. बाबा संध्याकाळी एक पेला बिअर घेणार आणि आई लिंबूसरबत. त्यांनी सुटे पैसे दिले तरच स्वस्त पडते. ही योजना ‘फुकट’ म्हणून मिळाली असली, तरी तिच्यावरचा सेवा-आकार पुष्कळदा तुमच्याच खात्यावर पडतो. तेव्हा ‘फुकट’ या शब्दाच्या खालची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत.

दुसरी गोष्ट बोटीवरच्या खात्यात जमा होणाऱ्या रकमेची. ही बहुधा रोख परत मिळत नाही. शेवटच्या रात्री शिल्लक राहिली तर ती बुडाली. मग लोक घाईघाईने टोप्या आणि बाहुल्या विकत घेतात. त्यापेक्षा ती रक्कम पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरच्या सहलीकडे किंवा नोकरांच्या बक्षिसीकडे वळवता येते का, ते विचारावे.

या बक्षिसीविषयी दोन शब्द. मोठ्या कंपन्या दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप लावतात. दोघांचे सात दिवसांचे सव्वादोनशे-अडीचशे डॉलर सहज होतात. काही कंपन्या विनंती केल्यास ती रक्कम काढूनही टाकतात, आणि आपल्यातले काही हुशार लोक तसे करतात. करू नये. तुमची केबिन रोज झाडणारा, तुमच्या पानात वाढणारा माणूस सहासहा, आठआठ महिने घरापासून दूर असतो; आठवड्याचे सातही दिवस काम करतो. त्याच्या कमाईचा मोठा वाटा याच पैशांचा असतो. त्याच्या छातीवरच्या पाटीवर नाव आणि देश लिहिलेला असतो, तो वाचा. पुष्कळदा तेथे भारत असतो, आणि बोलताबोलता गोवा किंवा मुंबई निघते. गोव्यात अशा दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात. कितीतरी गावांतली घरे या तारवट्यांच्या मिळकतीवर उभी राहिली. त्याच्याशी मराठीत किंवा कोकणीत दोन शब्द बोला. त्याचाही दिवस चांगला जाईल.

आणखी दोन खर्च न सांगता येतात. बोट बंदर सोडून निघाली की मोबाईल ‘विमान’ स्थितीत टाकावा. नाहीतर तो बोटीच्या महागड्या यंत्रणेला आपणहून जोडला जातो आणि महिन्याचे बिल पाहून झोप उडते. दुसरा खर्च डॉक्टरचा. बोटीवर दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो. हेलिकॉप्टरने रुग्ण हलवावा लागला तर हजारो डॉलर लागतात. अमेरिकेसाठी काढलेला विमा समुद्रावर आणि बेटांवर चालतो का, हे आधी विचारावे. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन मागावी. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. बोटीवर पसरणाऱ्या ओकारी-जुलाबाच्या साथीला हातावर चोळायचे औषध पुरत नाही.

आता किनारा. बोट सकाळी आठच्या सुमारास लागते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास निघते. हातात खरे सातआठ तास. हिंडण्याचे तीन मार्ग आहेत: कंपनीची सहल, स्वतः ठरवलेली मोटार, आणि आपले दोन पाय. साधा नियम असा, की ठिकाण लांब असेल तर कंपनीची सहल घ्यावी आणि जवळ असेल तर चालत जावे. कंपनीची सहल महाग असते खरी, पण तिला परतायला उशीर झाला तर बोट थांबते, किंवा कंपनी तुमची पुढची सोय करते. स्वतः ठरवलेली मोटार घाटात बंद पडली तर बोट कोणासाठी थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत विमानाचे भाडे तुमचे, आणि व्हिसाची पंचाईतही तुमचीच.

उदाहरणे घ्या. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर बोट लागते आणि लोकांना तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष पाहायचे असतात. त्यासाठी आधी फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचे, मग तासाभराची मोटार, आणि तसेच परत. येथे कंपनीची सहलच बरी. उलट प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनला बोट जुन्या शहराच्या पायथ्याशीच लागते. एल मोरो हा स्पॅनिश किल्ला तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्यांनी सिंधुदुर्ग किंवा जंजिरा पाहिला आहे, त्यांना त्या तटावरून समुद्राकडे पाहताना सहल-मार्गदर्शकाची गरजच लागणार नाही. बहामातल्या नासावमध्ये गुलामांनी दगडात खोदून काढलेला ६६ पायऱ्यांचा जिना असाच पायी पाहण्याजोगा. कुरासावच्या विलेमस्टाड शहरात १८८८ सालचा तरंगता पूल आहे; बोट येताच तो एका बाजूला सरकतो. त्यालाही मोटार नको.

आपले वय आणि गुडघेही विचारात घ्यावेत. जमैकातला डन्स रिव्हरचा धबधबा लोक हातात हात धरून, निसरड्या खडकांवरून चढतात. त्याची उंची सुमारे १८० फूट. गुडघे कुरकुरत असतील तर बाजूच्या पायऱ्यांवरून तो पाहण्यात काही कमीपणा नाही. ग्रँड केमनला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसे नेते. त्या चढउतारात आणि रांगेत तासभर सहज जातो. तो हिशेबात धरावा.

आता सर्वांत महत्त्वाचे: घड्याळ. बोटीचे घड्याळ कप्तान सांगेल ते. तुमचा मोबाईल मात्र किनाऱ्यावर उतरताच त्या बेटाची वेळ दाखवू लागतो. उन्हाळ्यात मायामीची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. जमैका आणि कोझुमेल येथे तशी पद्धत नाही. समजा, जुलैत बोट मायामीच्याच वेळेवर राहिली आणि साडेचारपर्यंत परत या म्हणून सांगितले. तुम्ही जमैकाच्या बाजारात मोबाईल पाहता, पावणेचार झालेले असतात. तुम्हाला वाटते, अजून पाऊण तास आहे. बोटीवर त्या वेळी पावणेपाच वाजलेले असतात! म्हणून मनगटावर जुने, किल्लीचे का होईना, घड्याळ बांधावे आणि बोटीची वेळ लावावी. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन नंबर छापलेला असतो, तो कागद खिशात ठेवावा. पासपोर्टाची प्रत आणि थोडी रोकडही जवळ असावी.

पैशांचेही असेच. टॅक्सीवाला म्हणतो, “वीस डॉलर.” कोणते डॉलर? बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. पूर्वेकडच्या बऱ्याच लहान बेटांचे २.७० डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. बहामाचा डॉलर बरोबरीचा. केमनचा मात्र अमेरिकेच्या डॉलरपेक्षा भारी. तेव्हा बसण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: कोणते डॉलर, माणशी की मोटारीचे, आणि जाऊन-येऊन की एकाच बाजूचे? जवळ सुट्या नोटा ठेवाव्यात. बोटीवर कोणी ‘खरेदीचे मार्गदर्शन’ करू लागले आणि हिऱ्यांच्या दुकानांची शिफारस केली, तर ती दुकाने या जाहिरातीचे पैसे मोजतात हे ध्यानात असू द्यावे.

आणखी काही लहान गोष्टी. बार्बाडोस, जमैका या देशांत लष्करी ठिपक्याठिपक्यांचे कपडे नागरिकांना कायद्याने मना आहेत. नातवाची तसली टोपी केबिनमध्येच ठेवा. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर प्रवाळाला अपाय करणाऱ्या काही उन्हाच्या मलमांना २०२० पासून बंदी आहे. बोटीवरची फळे आणि सँडविचे पिशवीत घालून किनाऱ्यावर नेऊ नका, दंड होऊ शकतो. आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा हंगाम. त्या दिवसांत तिकिटे स्वस्त असतात, पण कप्तान एखादे बंदर गाळू शकतो आणि तिकिटातल्या अटी त्याला तो अधिकार देतात. स्वतः ठरवलेली सहल असेल तर अशा वेळी पैसे परत मिळतील का, हे आधी विचारून ठेवावे.

एवढी काटकसर करून वाचवलेले तास कशासाठी? माणसे पाहण्यासाठी. १८४५ च्या मे महिन्यात आपल्या देशातले मजूर करारावर त्रिनिदादला उतरले. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथे आहेत. तेथले ‘डबल्स’, म्हणजे मऊ वड्यांत घातलेले छोले, शाकाहारी माणसाला घरची आठवण करून देतात. तेथेच पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळवला, आणि सुनील गावसकरांनी त्याच पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या. बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर २९ जून २०२४ रोजी भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. तेथल्या टॅक्सीवाल्याजवळ क्रिकेटचा विषय काढून पाहा. भाड्याची घासाघीस आपोआप सौम्य होते.

तेव्हा मंडळी, बोटीवरचा पाचवा गोड पदार्थ सोडलात तरी चालेल. सकाळी बोटीचा जिना लागला, की पहिल्या लोकांत उतरा. थोडे चाला, थोडे बोला, मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवा, आणि शेवटची हाक येण्याच्या तासभर आधी परत या. मग कठड्याशी उभे राहून, धापा टाकत धक्क्यावरून पळत येणारी मंडळी पाहण्याची मौज मात्र अगदी खरीखुरी फुकट असते.