केरीचे जिवबादादा बक्षी

तेरेखोलची खाडी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या दक्षिण तीरावर केरी हें गांव आहे. आज तें गोव्यांत मोडतें. परंतु पेडणें महाल १७८८ सालीं पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत तेथें वाडीकर सावंतांचा अंमल होता. ह्या गांवच्या शेणवी घराण्यांत सुमारें १७४० सालीं जिवाजी बल्लाळ केरकर जन्मास आले. कोंकणच्या तुटपुंज्या शेतीवर भागत नसल्यामुळें इकडील हुषार तरुणानें घाट चढून जावें, हा त्या काळचा रिवाजच होता. त्यांत १७६३ सालीं खेम सावंतांचा विवाह जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशीं झाला. तेव्हांपासून वाडीकडील मंडळींस शिंद्यांचा दरवाजा अधिक मोकळा झाला असावा.

महादजी शिंद्यांच्या फौजेंत जिवबादादा तलवारीच्या बळावर चढले. गुलाम कादरानें १७८८ सालीं शहा आलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हां त्याच्या पारिपत्यासाठीं राणेखानाबरोबर गेलेल्या सरदारांत ते होते. १७९० सालीं मेडत्यास आणि १७९३ सालीं लाखेरीस त्यांनीं लढाई केली. लाखेरीस समोर होळकर होते. मराठ्यांनीं मराठ्यांवर मिळविलेल्या त्या जयाचा अभिमान किती धरावा, हा प्रश्नच आहे.

त्यांच्या बक्षीगिरीविषयीं मात्र विस्तारानें सांगितलें पाहिजे. फौजेची हजिरी घेणें, घोड्यांस डाग देणें, नेमणुका ठरविणें, तलबेचा हिशेब राखून ती वांटणें, ह्या सर्व खात्याचा बक्षी हा मुख्य. आजच्या भाषेंत त्यास संरक्षणमंत्री म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. फरक इतकाच कीं, ह्या मंत्र्यास रणांगण सुटलेलें नसे. हें काम किती नाजूक, तें १७८७ सालच्या लालसोटच्या मोहिमेवरून दिसतें. तेथें महादजींच्या कवायती पलटणींचा पगार तुंबला होता. लढाईनंतर थोड्याच दिवसांत त्या पलटणी तोफांसकट शत्रूस जाऊन मिळाल्या! पुढें डी बॉयनच्या कंपूस दुआबांतील मुलूखच पगारासाठीं तोडून मिळाला. इतर फौजेस तशी सोय नव्हती. तिचा शिपाई बक्षीच्या शब्दावरच दिवस काढीत असे.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस वारले. त्यांच्या भावाचा नातू दौलतराव गादीवर आला. त्याचें वय अवघें चौदा-पंधरा. दुसऱ्याच वर्षीं, ११ मार्च १७९५ रोजीं, खर्ड्यास निजामाशीं गांठ पडली. सरसेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें, आणि शिंद्यांची फौज जिवबादादांनीं चालविली. हिंदुस्थानांत इतक्या मोहिमा केलेल्या ह्या पंचावन्नीच्या वीरानें दुसऱ्याच्या हुकुमाखालीं लढण्यांत कमीपणा मानला नाहीं. पेरॉनच्या पलटणी व तोफा ह्यांनीं रेमंडच्या कवायती सैन्यास थोपवून धरिलें, आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यांत जाऊन कोंडला.

१७९६ च्या आरंभींच जिवबादादा निवर्तले. तरुण धन्यापाशीं सर्जेराव घाटग्याचें वजन वाढलें, आणि जुन्या शेणवी मुत्सद्द्यांवर गहजब उडाला. बाळोबातात्या पागनीस १८०० सालीं कैदेंतच वारले. त्याच सूडसत्रांत जिवबादादांचे पुत्र नारायणराव बक्षी ह्यांच्या अंगास दारूचे बाण बांधून ते पेटवून देण्यांत आले. जिवबादादांचे सहकारी लखबादादा लाड ह्यांनीं महादजींच्या विधवांचा पक्ष घेऊन झुंज दिली, आणि १८०३ सालीं, मेवाडच्या आश्रयास असतां, त्यांनींहि देह ठेविला.