अंथरुणावरून गड चढणारे नाथमाधव
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. बोलण्याची सवय नाही, तरी चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आवडत्या लेखकावर बोला, असे सांगितल्यावर मी नाथमाधवांचे नाव दिले. आज त्यांची पुस्तके फारसे कोणी मागत नाही. एके काळी मात्र वाचकांच्या त्यांवर उड्या पडत.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ चा, मुंबईचा. १९०५ साली शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. वय अवघे तेवीस! दुसरा कोणी नशिबाला बोल लावीत राहिला असता. यांनी लेखणी धरली. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ आली. पुढे ‘सावळ्या तांडेल’, ‘वीरधवल’, ‘डॉक्टर’. मग १९२१ पासून शिवकालावरची ‘स्वराज्या’ची माळ. १९२८ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

माझी त्यांची ओळख झाली ती सासूबाईंमुळे. मांडीचे हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या. जेवण तुटले, बोलणे तुटले. भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. दुपारी उशाशी बसून मी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ मोठ्याने वाचू लागले. खरे सांगायचे तर माझ्याच करमणुकीसाठी! चौथ्या दिवशी पुस्तक मिटले, तशा भिंतीकडूनच म्हणाल्या, “थांबलीस का ग?”

मग रोजचा नेमच झाला. लांबलचक वर्णने आली की मी हळूच पान उलटी. त्या लगेच म्हणत, “गाळलेस ग काहीतरी.”

एकदा मी त्यांना लेखकाची हकिगत सांगितली. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गडावरून पडलेला माणूस, आणि पुन्हा गडच चढतो होय ग?” त्या दिवशी उशीला टेकून बसल्या आणि आमटीभात मागून घेतला.

जाणते लोक म्हणतात, या कादंबऱ्यांत योगायोग फार, इतिहास कमी आणि कल्पनाच जास्त. असेल, मलाही काही ठिकाणी हसू आले. पण पुढे काय झाले, हे कळल्यावाचून पुस्तक खाली ठेववत नाही, ही काय थोडी गोष्ट?

एकामागून एक भाग आम्ही वाचले. ‘स्वराज्यातील दुफळी’ तेवढी राहिली. ती मिळण्याआधीच सासूबाई गेल्या. कोणा भगिनीच्या घरी ते पुस्तक असेल, तर चार दिवस मला द्यावे. जपून वाचीन.