सूचौच्या बागा आणि त्यांच्या पाट्या



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच इमारतीत शिकलो. त्यांची एक सवय येथील अनेकांना आठवत असेल. सहल कोठेही असो, दारावरची पाटी वाचल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचे नाही. सहावीत असताना आम्हांला चांपानेरला नेले होते. तेथील लेखांपुढे आम्ही गप्प उभे राहिलो, कारण लिपीच परकी. कोणीतरी पुढे सरकू लागला तसे गुरुजी म्हणाले, "वाचता येत नाही ना? मग निदान क्षणभर उभे राहा. कोणीतरी काहीतरी सांगून ठेवले आहे." हे वाक्य मी पुढे साठ वर्षे विसरलो होतो. ते आठवले चीनमध्ये. म्हणून आजचा विषय.

2018 च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता शांघायला मुलाकडे गेलो होतो. तेथून सूचौ आगगाडीने अर्ध्या तासावर. इसवी सनापूर्वी 514 मध्ये वू राज्याच्या राजाने वसविलेले हे नगर. आज त्याच्याभोवती कारखाने आणि उंच इमारती यांचा वेढा आहे. पण जुन्या शहरात कालवे आहेत, पांढऱ्या भिंतींची आणि करड्या कौलांची बैठी घरे आहेत आणि त्या भिंतींआड बागा आहेत. त्यांपैकी चार बागा 1997 मध्ये आणि आणखी पाच 2000 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

आपल्या बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे बाग म्हटली की कमाटीबाग येते. हिरवळ, रुंद रस्ते, वृक्ष, बॅण्ड वाजविण्याचा चौथरा. शिरताच पुष्कळसे एका नजरेत भरते, आणि सयाजीराव महाराजांनी ती प्रजेसाठी खुली केली, त्यामुळे तसे असणेच योग्य. सूचौची बाग याच्या अगदी उलट. ती घराचा भाग आहे. अरुंद दारातून शिरावे, तर पुढ्यात भिंत किंवा खडकांचा ढीग. त्याला वळसा घातला की पाण्याचा एक तुकडा दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. पूल वाकडा, वाट नागमोडी. जाळीच्या खिडकीतून पलीकडचा बांबू दिसतो. तेथे पोहोचावे तर आपण निघालो ती जागा आता पलीकडे गेलेली. अर्धा हेक्टरभर जागेत माणूस तासभर हरवून राहतो.

या सर्व सौंदर्याने मी भारावलो, असे म्हणणे सभ्यपणाचे होईल. खरे सांगायचे तर पहिला तासभर मी बेचैन होतो. प्रत्येक मंडपावर पाटी, प्रत्येक खांबावर लेख, दारांच्या कमानींवर कोरलेली अक्षरे. आणि मराठीचा आजन्म अध्यापक असलेला मी त्या सर्वांपुढे निरक्षर! मुलाच्या कचेरीतील एक सूचौकर तरुणी आमच्यासोबत आली होती. ती वाचून इंग्रजीत अर्थ सांगू लागली, तेव्हा कोठे बाग हलू लागली.

पहिलीच मोठी बाग घ्या. च्वोचंग युआन. इंग्रजी पुस्तकांत तिला 'नम्र प्रशासकाची बाग' म्हणतात. मला ते फार इस्त्री केलेले भाषांतर वाटते. 'च्वो' म्हणजे ज्याला धड काही जमत नाही असा. 'चंग' म्हणजे राज्यकारभार. मी मनातल्या मनात तिला 'गबाळ्याचा कारभार' असे नाव दिले. सोळाव्या शतकाच्या आरंभी वांग शिएनछन नावाचा अधिकारी दरबारी राजकारणात पोळून गावी परतला आणि त्याने ही बाग रचली. नाव घेतले तिसऱ्या शतकातील कवी फान युए याच्या रचनेतून. बागेला पाणी घालणे, भाजीपाला विकणे हाच आमच्यासारख्या गबाळ्याचा कारभार, असा तिचा भाव. म्हणजे 'तुमचा कारभार तुम्हांला लखलाभ' हे दारावरच सांगून टाकले. पण अशा शब्दांत, की कोणाला गुन्हा दाखल करता येऊ नये. यातला आणखी एक पीळ जाणत्या वाचकाला ठाऊक असणार. निवृत्तीचे गोडवे गाणारा फान युए स्वतः दरबारातून कधी सुटला नाही. इ. स. 300 मध्ये त्याला देहदंड झाला.

त्याहून जुनी त्सांगलांग मंडपाची बाग. तिची कथा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. अकराव्या शतकात सुंग राजवटीत सू शुन्छिन नावाचा कवी राजधानीत अधिकारी होता. 1044 मध्ये त्याने कचेरीतील रद्दी विकली आणि त्या पैशांत सणानिमित्त स्नेह्यांना मेजवानी दिली. रद्दीच्या पैशांतून चहापाणी कोणत्या कचेरीत होत नाही? पण त्याचे मित्र सुधारणावादी पक्षाचे. विरोधकांनी अपहाराचा आरोप ठेवला आणि त्याची नोकरी गेली. तो सूचौला आला, चाळीस हजार नाण्यांना एक पडीक जागा घेतली, पाण्याकाठी मंडप बांधला आणि त्याला एका प्राचीन कोळीगीतातले नाव दिले. पाणी जसे असेल तसे वागावे, असा त्या गीताचा आशय. त्याचा मित्र, थोर गद्यकार औयांग श्यू याने यावर कविता लिहून थट्टा केली, की वारा आणि चंद्र तर अमोल, मग एवढ्या स्वस्तात कसे मिळाले? हा वारा आणि हा चंद्र लक्षात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहेत. सू शुन्छिन मात्र तेथे फार वर्षे नांदला नाही. चाळिशीतच वारला.

निवृत्तीच्या सुमारास माझ्याही वाट्याला एक अन्याय आला होता. त्याचा तपशील येथे नको. पण त्याची कटुता मी कित्येक वर्षे जपून ठेवली होती, जणू काही ती माझी मिळकतच. त्या पाण्याकाठी बसलो असता मनात आले, की या माणसाने आपल्या अपमानाला निदान एक चांगले नाव तरी दिले. मला तेवढेही सुचले नव्हते.

मित्रहो, माझा मुद्दा एवढाच आहे, की सूचौची बाग दगड, पाणी आणि झाडे यांनी पुरी होत नाही. नाव दिल्यावर पुरी होते. अठराव्या शतकातील 'लाल महालाचे स्वप्न' या महाकादंबरीच्या सतराव्या अध्यायात नवी बाग बांधून तयार होते आणि बाप मुलाला बरोबर घेऊन स्थळास्थळांची नावे त्याच्याकडून वदवून घेतो, ती परीक्षाच असते. नावे नसतील तर फुले आणि डोंगर असूनही स्थळ निर्जीव राहील, अशी त्या बापाची धारणा. च्वोचंग युआनमध्ये पंख्याच्या आकाराचा एक चिमुकला मंडप आहे. त्याचे नावच प्रश्न आहे: कोणासंगे बसावे? नाव सू तुंगपो या कवीचे. उत्तर त्याच्या कवितेत आहे, पाटीवर नाही. वाचणाऱ्याला ते येत असणार हे गृहीत. त्या उत्तरात माणूस एकच, कवी स्वतः. बाकी सोबती म्हणजे चंद्र आणि वारा.

आपल्या श्लेषप्रेमी श्रोत्यांसाठी एक गंमत. ल्यू युआन ही बाग एकेकाळी ल्यू आडनावाच्या घराण्याची, म्हणून लोक तिला ल्यूंची बाग म्हणत. 1860 नंतरच्या थायफिंग युद्धात सूचौची धूळधाण झाली, ही बाग मात्र वाचली. 1873 मध्ये नव्या मालकाने ती घेतली आणि उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले. नवे 'ल्यू' म्हणजे 'राहणे, मागे उरणे'. लोकांच्या जिभेला तसदी नाही आणि मालकाचे आडनावही गेले! पंतकवींनी याला दाद दिली असती.

आता दुसरी बाजू. हा सर्व साधेपणा फार खर्चाचा होता. गबाळ्याचा कारभार पाच हेक्टरांवर चालला होता, आणि वांगच्या मुलाने ती बाग एका रात्रीत जुगारात घालविली असे सांगतात. बागेतले दगड पाहा. थायहू सरोवरातील पाण्याने झिजविलेला चुनखडक. तो सडसडीत हवा, सुरकुतलेला हवा, त्याला आरपार भोके हवीत. सुंग सम्राट हुइत्सोंग याला या दगडांचे वेड. बाराव्या शतकाच्या प्रारंभी त्याने सूचौला चू म्येन नावाच्या माणसाला बसविले. लोकांच्या अंगणांतले दगड आणि झाडे जप्त होऊन कालव्यांतून, महाकालव्याच्या वाटेने, राजधानी खायफंगकडे निघाली. दगड मोठा असला तर पूल पाडायचे. 1120 मध्ये दक्षिणेत बंड उसळले, त्यातील एक राग याच चू म्येनवरचा. 1127 पर्यंत राजधानी पडली आणि सम्राट कैद झाला. वेढ्याच्या वेळी त्याच बागेतले दगड शत्रूवर फेकायच्या यंत्रांत घालावे लागले. कलावंत राजाची चित्रे आपण संग्रहालयांत कौतुकाने पाहतो. पाडलेल्या पुलांवरून रोज बाजाराला जाणाऱ्यांचे चित्र कोणी काढले नाही.

बागा बंद दाराआड आणि कालवा सर्वांचा, हे त्या प्रांतात फिरताना सतत जाणवते. 1229 मध्ये शिळेवर कोरलेला सूचौचा नकाशा तेथील कन्फ्यूशियस मंदिरात जपला आहे. रस्ता आणि कालवा जोडीने धावतात असे त्या नगराचे दुहेरी जाळे त्यात दिसते. फिंगच्यांग रस्त्याने मी हिंडलो. आठशे वर्षांमागच्या नकाशातला कालवा अजून त्याच्या शेजारून वाहतो. घाटाच्या पायऱ्या घराच्या मागील दारापासून थेट पाण्यात उतरतात.

चौच्वांग हे कालव्याकाठचे गाव चित्रकार छन यीफे याच्या 1984 मधील पुलांच्या चित्रामुळे जगप्रसिद्ध झाले. आम्ही दुपारी गेलो आणि फक्त माणसांच्या पाठी पाहून आलो. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

थोंगली मात्र मनात राहिले. तेथे आम्ही मुक्कामाला होतो. पहाटे एक वृद्धा घाटावर पालेभाजी धूत होती, होडीवाला पाणी उपसत होता, आणि दुकानांच्या फळ्या अजून उघडायच्या होत्या. हे ची छंगचे गाव. 1582 मध्ये जन्मलेल्या या माणसाने इतरांसाठी बागा रचल्या आणि 'युआन ये' हा उद्यानरचनेवरचा ग्रंथ लिहिला. तो 1634 मध्ये छापला गेला. दूरचे दृश्य आपल्या बागेत 'उसने' घ्यावे, हा त्याचा मोठा सिद्धान्त. च्वोचंग युआनच्या तळ्याकाठी उभे राहिले, की भिंतीपलीकडचा, गावातला उत्तर मंदिराचा मनोरा बागेतच उभा असल्यासारखा दिसतो. त्याला एक छदामही भाडे नाही. ग्रंथाच्या शेवटी ची छंग कबूल करतो, की स्वतःसाठी टेकडी विकत घेण्याची आपली ऐपत नाही. दुसऱ्यांच्या बागा करणाऱ्याला स्वतःची बाग नव्हती. त्याचा ग्रंथही मायदेशी जवळजवळ तीन शतके विस्मृतीत गेला, जपानात टिकला आणि 1930 च्या दशकात चीनमध्ये पुन्हा छापला गेला.

थोंगलीत थुईस युआन ही लहानशी बाग आहे. 1885 ते 1887 या काळात रन लानशंग या पदच्युत अधिकाऱ्याने ती बांधली. नावाचा अर्थ 'मागे सरून विचार करणे'. प्राचीन ग्रंथातील मूळ वचनाप्रमाणे, आपल्या चुका कशा सुधाराव्यात याचा विचार. हाही दरबाराला दिलेला जबाबच. तळ्याकाठच्या ओवरीत नऊ जाळीदार खिडक्या आहेत आणि प्रत्येक जाळीत एक एक अक्षर विणलेले. नऊ मिळून ली पोच्या कवितेतील एक ओळ होते.

आमची वाटाडी पहिल्या खिडकीशी थांबली, मग दुसरीशी. मग हसून म्हणाली, "मला ही लिपी येत नाही." ती दोन हजार वर्षांहून जुन्या, दगडी नगाऱ्यांवरच्या वळणाची अक्षरे होती. नवांपैकी तिला चार लागली. पदवीधर, चुणचुणीत, सूचौतच वाढलेली मुलगी. आणि आपल्याच भाषेतील ओळीपुढे माझ्याच शेजारी, माझ्यासारखीच उभी! सुरेख अक्षर लिहिणाऱ्या आपल्या आजोबांना विचारते, असे म्हणून तिने खिडक्यांची छायाचित्रे घेतली. रात्री निरोप आला. वारा आणि चंद्र यांना दाम मोजावा लागत नाही, असा त्या ओळीचा आशय होता. पुन्हा तेच दोघे.

त्या रात्री मला गुरुजी आठवले, आणि त्यांच्यामागोमाग आमच्या माळ्यावरची लाकडी पेटी. माझे आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत कारकून होते. त्यांची पत्रे त्या पेटीत आहेत, सर्व मोडीत. मी मराठीत डॉक्टरेट मिळविली, पस्तीस वर्षे मराठी शिकविले, आणि आजोबांचे एकही पत्र मला वाचता येत नव्हते. वडिलांना येत होते. ते असताना मी विचारले नाही.

2020 च्या टाळेबंदीत पेटी खाली काढली. पत्रे तेवीस निघाली. बाराखडी समोर ठेवून, भिंग घेऊन बसतो. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत आणि आजोबांचा हात घाईचा. आजवर नऊ पत्रे लागली. बहुतेक रजेचे अर्ज, किराण्याचा हिशेब, एका पत्रात माझ्या आत्याच्या आजारपणाची हकिगत. दहाव्या पत्राच्या दुसऱ्या ओळीतला एक शब्द गेला महिनाभर अडला आहे. आज येताना त्याची प्रत खिशात घालून आणली आहे. सभा संपल्यावर आपल्यापैकी कोणाला मोडी येत असेल, तर त्यांनी कृपया दोन मिनिटे थांबावे.